नंबर खोडलेलं घड्याळ

खामगाव,
रविवार

प्रिय कोकिळा,

पाकिटावर मी माझं नाव मुद्दाम लिहिलं नाही. अक्षर मात्र लपवता आलं नाही. सहावीत तुझ्या वहीत मी शुद्धलेखन उतरवून द्यायचे, तेव्हापासून माझा 'क' तसाच आहे, पोट सुटलेला. तो पाहून तू ओळखलं असशील, नाहीतर एव्हाना शेवटच्या पानावर जाऊन सही पाहिली असशील. पाहिली असलीस तर परत इथे ये. मला हे सगळं ओळीने सांगायचं आहे. मधलं गाळून शेवट वाचलास तर मी आहे त्याहून वाईट दिसेन, आणि नुसतं मधलं वाचलंस तर आहे त्याहून बरी.

तुझा पत्ता कौशल्याबाईंकडून मिळाला. चौथीला आपल्याला शिकवायच्या त्या. त्यांचा मुलगा बडोद्यात तुमच्याच वसाहतीत राहतो म्हणे. अकरा वर्षं झाली आपण बोललो नाही त्याला. तू तुझ्या मनाने लग्न केलंस, तुझ्या बाबांनी ओट्यावर उभं राहून सगळ्या गल्लीला ऐकू जाईल असं सांगितलं की मले पोरगी नव्हतीच, आणि त्यानंतर वरवट बकालमधल्या एकाच घरी तू फोन करायचीस. माझ्या. मग मी उचलेनाशी झाले. कधी ड्यूटी आहे म्हणायचे, कधी रेंज नाही म्हणायचे. एकदा तू म्हणालीस, "प्रेरणा, त्या गावात तू एकटीच माझ्या बाजूची होतीस," आणि त्यानंतरचा तुझा एकही फोन मी घेतला नाही. तुला वाटलं असेल, ही सरकारी नोकरीत चिकटली, बदलली. तसं नव्हतं.

आधी बातमी सांगते. माझ्या मायच्या हातात घड्याळ आहे. आणि साधंसुधं नाही, स्वित्झर्लंडचं. हसू नकोस. पांढऱ्या तबकडीचं, रुपयाच्या नाण्याहून थोडं मोठं, बारीक निळे काटे. सहाच्या जागी एक अर्धगोल खिडकी आहे, तिच्यात गडद निळं आभाळ आणि एक सोनेरी चंद्र. तो चंद्र रोज केसाएवढा सरकतो. पुनवेला पुरा उगवतो, अवसेला खिडकीच्या कडेआड जातो. त्याला सेल लागत नाही, चावी द्यावी लागत नाही. हात हलला की आतलं एक चाक फिरतं आणि त्यावर ते चालतं. हात दीड दिवस स्वस्थ राहिला तर थांबतं. मायचा हात दीड दिवस स्वस्थ राहिलेला तू कधी पाहिलास? एकोणसत्तर वर्षांची झाली ती. आता मजुरीला जात नाही, पण चार शेळ्या आहेत, घरामागे वांगी आहेत, आणि शेजारणीच्या लेकीचं बाळ तिच्याच हातानं न्हातं. ती वांग्याला पाणी घालते तेव्हा लुगड्याच्या काठाशी तो चंद्र चमकत असतो. मी रविवारी गावी जाते, ओट्यावर बसून नुसती बघते. खाऱ्या विहिरीच्या पाण्याने पांढऱ्या पडलेल्या त्या बादल्या, मागे धुक्यात निळा सातपुडा, आणि माझ्या मायच्या मनगटावर ते. कधी कधी वाटतं, हे मी झोपेत बघते आहे, आता कोणीतरी हाक मारेल.

ते मी पहिल्यांदा पाहिलं नागपूरच्या एका डॉक्टरबाईंच्या हातात. इथे खामगावच्या सरकारी दवाखान्यात डोळ्यांच्या शिबिरासाठी आल्या होत्या, मी नेहमीप्रमाणे औषधांच्या खिडकीत होते. त्यांनी यादी द्यायला हात पुढे केला आणि मी यादी घ्यायचीच विसरले. त्यांनी घड्याळ काढून सरळ माझ्या तळहातावर ठेवलं. त्या दिवसापासून जेवणाच्या सुट्टीत माझं तेच. मोबाइलवर चंद्र असलेली घड्याळं बघायची. डबा उघडा, भाकरी वाळून कडक, आणि मी त्या निळ्या आभाळात. नागपूरच्या मोठ्या दुकानात जाऊनही आले. हातात पांढरे मोजे घातलेल्या एका मुलीने मला ते मखमलीवर ठेवून दाखवलं, पाणी दिलं, 'मॅडम' म्हणाली. किंमत ऐकून मी पाण्याचा पेला तसाच ठेवून उठले. तीन वर्षं मी त्या दुकानापर्यंतचा जिना स्वप्नात चढत होते.

मग त्याच डॉक्टरबाईंनी सांगितलं की मुंबईत काही दुकानं आहेत, कंपनीने नेमलेली नाहीत. माल तोच असतो, पेटी तीच, किंमत मात्र तिसऱ्या हिश्श्याने कमी. मी गेले. एका जुन्या इमारतीत तिसऱ्या मजल्यावर, पाटी नसलेलं दार. आत एक साठीचा माणूस, डोळ्याला भिंग लावून बसलेला, शेजारी तुळशीचं रोप. मला वाटलं होतं चोरबाजारासारखं काहीतरी असेल, कोणी कुजबुजेल. तो तर शाळामास्तरांसारखा समजावत बसला. म्हणाला, "ताई, नेमलेल्या दुकानदाराकडे माल पडून राहिला की तो गुपचूप आमच्याकडे विकतो. कंपनीला ते चालत नाही. कोणी विकलं हे तिला मागच्या नंबरावरून कळतं. म्हणून कुणी कुणी तो नंबर घासून पुसून मगच आमच्याकडे देतात. घड्याळ अस्सल आहे, चोरीचं नाही, बिल मी देतो. पण नंबर नाही म्हणून कंपनी याला कधी ओळख देणार नाही. बिघडलं तर तिच्या दारात उभं राहू नका, माझ्या दारात या." त्याने ते उलटं करून दाखवलं. पाठीवर एका ठिकाणी धातू जरा मळकट दिसत होता, नखाएवढा. तसलं मला नको असेल तर नंबरवालं महिन्याभराने येईल, थोडं महाग पडेल, असंही म्हणाला. मला महिनाभर थांबवेना. चार दिवसांवर वैशाखी पुनव होती.

माझ्या मायलाच ते का, असं तू विचारणार नाहीस. दुसरं कोणी विचारलं असतं. तुला तुमचं विहिरीजवळचं वावर आठवतं, आणि तुझ्या बाबांच्या हातातलं ते सोनेरी पट्ट्याचं घड्याळ, तुझ्या मामांनी कुवेतहून आणलेलं. पंधरा बाया ओळीने निंदायच्या आणि बांधावर तुझे बाबा, वामनराव पाटील, मनगट उलटं करून बघायचे. सहाला सुट्टी. पण सहा वाजायचेच नाहीत. पाचची शाळेची घंटा वावरापर्यंत ऐकू यायची, ती झाल्यावर माझी माय मान वर करायची, आणि पाटील म्हणायचे, "मास्तराचं घड्याळ पुढं हाय वं. अजून साडेचार होऊन राह्यले." सूर्य तुरीच्या ओळींत उतरायचा, चिलटं घोंगवायला लागायची, तरी सहाला अवकाशच. मग माय चार कोस चालल्यासारखी घरी यायची. अंधारात भांडी चाचपायची. मी लहानपणी मायचा चेहरा जास्त करून चुलीच्या उजेडात पाहिलेला आहे. घड्याळ कोणाच्या हातात आहे, त्याची वेळ, एवढंच मला तेव्हा कळलं होतं. शब्दांत नाही कळलं. पोटात कळलं.

आणि मग तू ते आठ दिवस आणलेस. सहावीत होतो आपण, पोळा नुकताच झाला होता. शाळेची घंटा होते तेव्हा बाबांच्या घड्याळात साडेचारच असतात, रोज, नेमाने, हे तू घरी पाहिलं होतंस आणि मला चिंचेखाली येऊन सांगितलंस. मी म्हणाले, "मंग बरोबर कर ना त्याले." मी असं म्हणाले होते. हे तुला आठवतं की नाही मला माहीत नाही, मला आठवतं. दुसऱ्या दिवशी बाबा न्हाणीत गेले आणि तू काटे अर्धा तास पुढे सरकवलेस. त्या संध्याकाळी माय उजेडात घरी आली! मी अंगणात होते. ती वाटेच्या वळणावर दिसली, पदराला अजून ऊन लागलेलं, आणि मला पहिल्यांदाच दिसलं की माझ्या मायच्या डाव्या गालावर एक बारीक तीळ आहे. ती बसली. नुसती बसली, कोकिळा. दारात पाय पसरून, हातात काही न घेता. माझी वेणी सोडून परत घातली. आठ दिवस असं चाललं. माझ्या सगळ्या लहानपणातून कोणी मला काही परत आणून देतो म्हणालं, तर मी तेच आठ दिवस मागेन.

नवव्या दिवशी काय झालं ते मी आत्ता लिहीत नाही. तुझ्या डाव्या करंगळीला ते माहीत आहे.

वैशाखी पुनवेच्या सकाळी मी मायला घड्याळ बांधलं. ती विहारात जायला पांढरं लुगडं नेसून तयार होती. म्हणाली, "हे कायले मले? मले कुठं कचेरीत जा लागते?" मग तिला खिडकीतला चंद्र दाखवला. तिने घड्याळ डोळ्यांपाशी नेलं, लांब धरलं, परत जवळ नेलं. "याले कसं माईत पडते आज पुनव हाय म्हून?" आणि मग जे हसली! विहारातल्या बायांनी एकेकीने तिचा हात धरून चंद्र पाहिला. त्या दिवसापासून तिने माझ्यामागे लकडा लावला, मला वेळ वाचायला शिकव. मी ओट्यावर कोळशाने मोठं वर्तुळ काढलं, काटे म्हणून तुरीच्या दोन काड्या ठेवल्या. तीन रविवारांत ती शिकली. आणि तिला तास आवडत नाहीत, मिनिटं आवडतात. कोणी विचारलं तर 'सव्वापाच' कधी म्हणत नाही. "पाच वाजून सतरा मिन्टं," म्हणते, प्रत्येक अक्षर सुटं करून. किमतीचा आकडा मी तिला अजून सांगितलेला नाही. तूही कधी सांगू नकोस.

आठव्या महिन्यात ते थांबलं. हात हलवून, फिरवून पाहिलं, काही नाही. चंद्र अर्धा उगवून अडकलेला. मी त्या दुकानदाराचं म्हणणं विसरले नव्हते, तरी आधी कंपनीच्याच केंद्रात पाठवलं. मला वाटलं, असेल काही दयामाया. घड्याळ जसंच्या तसं परत आलं, सोबत एक ओळीचं पत्र, नंबर नसल्यामुळे आम्ही या वस्तूची जबाबदारी घेऊ शकत नाही. मी ते पत्र घेऊन गावी गेले आणि मायसमोर रडले. मला वाटत होतं, मी तिला फसवलं. स्वस्तातलं आणलं. आयुष्यात एकदा तिच्या हातात काही बांधायचं होतं, तेही मागच्या दाराने आणलं. माय शेंगा सोलत होती. तिने नीट ऐकून घेतलं आणि म्हणाली, "म्हंजे घड्याळ खोटं हाय का?" मी म्हणाले, नाही, खरं आहे, पण त्याचा दाखला नाही. तर म्हणाली, "माह्या जन्माचा तरी दाखला कुठं हाय वं? बापानं शाळेत घातलं असतं तं मास्तरानं लिहिला असता. आता दाखला नाई म्हून मी जन्मलीच नाई का? जा, त्या मुंबईवाल्याले दे. त्यानं सांगतलं होतं ना, मी दुरुस्त करतो म्हून." मी दिलं. दीड महिना मायचं मनगट रिकामं होतं. त्यावर एक फिका गोल पट्टा उमटला होता, आणि ती सवयीने त्याच्याकडे बघायची. त्या माणसाने शब्द पाळला. घड्याळ चालत परत आलं, एक पैसाही घेतला नाही. वर चिठ्ठी, आजीला सांगा, धुणं धुताना काढून ठेवत जा.

आता तुझ्या घराकडे वळते. तुला कोणी कळवलं की नाही मला माहीत नाही. तुझ्या बाबांना दिसत नाही, दोन वर्षं होतील. काचबिंदू. थेंब आयुष्यभर घालायचे असतात, ते त्यांनी सहा महिन्यांत सोडले. दुसऱ्यांदा आले तेव्हा माझ्याच खिडकीसमोर उभे होते, बाटली मीच दिली. त्यांनी मला ओळखलं नाही, आणि मी ओळख दिली नाही. तुझ्या चुलतभावाकडून दोन वेळचं ताट येतं. दिवसभर ते ओट्यावर बसलेले असतात. येणाऱ्याजाणाऱ्याला विचारतात, "किती वाजले बे?" पोरं पुढे निघून जातात. मोठी माणसं म्हणतात, वाजले असतील चार, वाजले असतील पाच. ज्याला दिसत नाही त्याला कोणी मनगटाकडे बघून उत्तर देत नाही. मोबाइल खिशातून काढायचाही त्रास कोण घेणार?

गेल्या दिवाळीनंतर एक दिवस माय शेळ्या घेऊन तिथून चालली होती. त्यांनी विचारलं. ती थांबली. हात वर केला, डोळे बारीक केले आणि म्हणाली, "पाच वाजून अठ्ठेचाळीस मिन्टं." मग ते म्हणाले, "कोण? कलाबाई का? तुह्यापाशी घड्याळ?" माय म्हणाली, "हाव. माह्या पोरीनं आणलं." त्यांनी हात पुढे केला. माय म्हणते, तिला पहिल्यांदा वाटलं, नाही देत जा. पण त्यांचा हात नुसता हवेत होता, घड्याळाच्या जरा बाजूला. म्हणून तिने आपलं मनगट त्यांच्या हाताखाली नेलं. त्यांनी काचेवरून अंगठा फिरवला, वाकून कान लावला. बराच वेळ ऐकत राहिले. त्यानंतर ती रोजच थांबायला लागली. मी चिडले. म्हणाले, माय, त्या माणसाला वेळ सांगायला मी तुला घड्याळ आणून दिलं का? ती म्हणाली, "त्यानं इचारलं तं सांगतो. खोटा टाइम थोडाच सांगून राह्यलो? जेवढे वाजले तेवढेच सांगतो." मला वाटतं, तिला त्यात सुख आहे. दया वगैरे काही नाही. त्या माणसाला रोज संध्याकाळी बरोबर वेळ सांगायची, एका मिनिटाचीही इकडची तिकडे नाही, यात तिला काय मिळतं ते तिलाच ठाऊक. शेळ्या हाकत घरी येते तेव्हा तिची चाल वेगळी असते.

मागच्या पंधरवड्यात ते आपण होऊन बोलले. तुरीच्या सोंगणीचे दिवस, बाया वावरातून परतत होत्या, त्यांची बोलणी रस्त्यावरून येत होती. ते म्हणाले, "कलाबाई, माहं घड्याळ अर्धा तास मागं राहे." माय म्हणाली, "मले माईत होतं. आम्हा साऱ्या बायाईले माईत होतं. शाळेची घंटा काय आम्ही आयकत नव्हतो?" त्यांनी विचारलं, "मंग बोलली काऊन नाई?" आणि माय म्हणाली, "घड्याळ तुमच्या हातात होतं, पाटील." एवढंच. माफी मागितली असं मी तुला लिहिणार नाही, कारण मागितली नाही. मग म्हणाले, "कोकिळानं ते एकडाव बरोबर केलं होतं. म्या तिले लय मारलं. हातचं हाड मोडलं पोरीचं." माय म्हणाली, ते साऱ्या गावाले माईत हाय. मग त्यांनी आणखी एक गोष्ट सांगितली. ती गावाला माहीत नव्हती, मायला माहीत नव्हती, आणि तुलाही नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी माय न सांगता खामगावला आली. एस.टी.ने शेगावपर्यंत, तिथून दुसरी गाडी. माझ्या खिडकीसमोर रांग होती. ती रांगेत शेवटी उभी राहिली, कोणाला पुढे ढकललं नाही, आणि सगळे गेल्यावर जाळीपाशी येऊन हळूच म्हणाली, "कोकिळाचं नाव तू सांगतलं होतं का वं पाटलाले?" हो, कोकिळा. मी सांगितलं होतं. नवव्या दिवशी तुझ्या बाबांना गावात कोणीतरी वेळ विचारली आणि काटे पुढे असल्याचं त्यांच्या ध्यानात आलं. विहिरीवर हातपाय धुताना ते घड्याळ काढून ठेवत, आणि तिथून जवळच माय पाणी भरायची. मी मायसाठी भाकर घेऊन गेले होते तेव्हा त्यांनी मला थांबवलं. ओरडले नाहीत, गोडीत विचारलं, "काटे तुह्या मायनं फिरवले ना? उद्यापासून तिले वावरात यायचं काम नाई." मी म्हणाले, माह्या मायनं नाही, कोकिळानं. आणि भाकरीचं फडकं घट्ट धरून तिथेच उभी राहिले. संध्याकाळी तुमच्या मागच्या दाराशी उभी राहून मी छत्रीच्या दांड्याचा आवाज ऐकला. तू माझं नाव घेतलं नाहीस. 'बरोबर कर' असं मीच म्हणाले होते, ते तू एकदाही बोलली नाहीस. पंधरा दिवसांनी हाताला पट्टी बांधून शाळेत आलीस, माझ्या शेजारी बसलीस आणि म्हणालीस, "बाबाले कसं समजलं काय माईत." मी म्हणाले, "काय माईत." आता तुला कळलं, मी फोन का उचलत नव्हते. जाळीपलीकडे मायला मी हेच सांगितलं, माय, तुझं काम जाईल म्हणून सांगितलं. मला वाटलं होतं, ती माझ्या डोक्यावरून हात फिरवेल. तिने फिरवला नाही. म्हणाली, "माहं काम गेलं असतं तं मी दुसऱ्याच्या वावरात गेली असती. त्या पोरीले दुसरा बाप होता का?" मग म्हणाली, "तिले लिही. फोन नको करू, फोनवर तू रडशीन आणि तिलेच तुही समजूत घाला लागीन." म्हणून हे पत्र. तुझ्या बाबांनी तुला बोलावलेलं नाही, म्हणून मी 'ये' असंही लिहीत नाही. यायचं की नाही ते तू आणि तुझं मन बघा. मला एवढंच सांगायचं होतं की त्या गावात तुझ्या बाजूचं कोणी नव्हतं, मीसुद्धा नव्हते. तेव्हा मी अकरा वर्षांची होते, हे खरं. पण त्यानंतरची तीस वर्षं मी अकरा वर्षांची नव्हते.

तू म्हणू दिलंस तर अजूनही तुझीच,
प्रेरणा